गप्प बसायची इयत्ता

बाई दार उघडत आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारत, "आज भाजी कोणती होती रे?" कुणी सांगे वांग्याची, कुणी भेंडीची, कुणी सांगे की भाजी नव्हतीच, नुसतं पप्पू, म्हणजे तेलुगू पद्धतीचं वरण, होतं. उत्तर ऐकताना बाई मुलाकडे पाहत नसत. मान खाली, नजर उंबऱ्याच्या फरशीवर आणि डावा कान किंचित पुढे. भाजीशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. मुलाचं वाक्य संपायच्या आत त्या वळून पेटीपाशी जात, एक पट्टी दाबत आणि म्हणत, "आज इथून." मुलांची समजूत अशी होती, की बाईंना खाण्याची फार आवड आहे. एका मुलीनं तर डब्यातून गवारीची भाजी आणून दिली होती. बाईंनी ती चवीनं खाल्ली आणि तिला सांगितलं, "तुला सर्दी होणार आहे. आईला सांग." त्या आठवड्यात ती मुलगी शाळेत जाऊ शकली नाही.

मुलांचं गाणं ऐकण्याआधी बाई त्यांचं बोलणं ऐकत असत, हे मला फार उशिरा कळलं. मी आठवड्यातून दोनदा माझ्या मुलाला, तन्मयला, त्यांच्याकडे पोचवायला जात असे आणि क्लास संपेपर्यंत बाहेरच्या जिन्यावर पुस्तक उघडून बसत असे. मी ग्रंथपाल आहे, सिकंदराबादच्या एका कॉलेजात. जिन्यावर बसून मी किती पुस्तकं वाचली ते सांगता येईल, पण दाराच्या आत काय चाललं होतं ते मात्र तुकड्यातुकड्यांनीच समजत गेलं.

बाईंचं घर अंबरपेठेत, एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. गिरणी सुरू झाली की जमीन हलकेच थरथरायची आणि तंबोऱ्याच्या तारा आपोआप कुजबुजायच्या. खालचे दुकानदार त्यांना पाटलम्मा म्हणत. तेलुगूत पाट म्हणजे गाणं, म्हणून गाण्याची आई ती पाटलम्मा. बाईंचे आजोबा बीदरकडून निजामाच्या अमदानीत कारकुनीसाठी इथे आले आणि कुटुंब इथेच राहिलं. बाईंनी लग्न केलं नाही. मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं आणि निवृत्तीनंतर या दोन खोल्यांत क्लास घेतला. त्यांची मराठी आमच्या जुन्या हैदराबादी घरांतली, होला हौ आणि नकोला नक्को म्हणणारी. माझी बायको वैशाली पुण्याची. पहिल्या भेटीत बाईंचं बोलणं ऐकून तिला हसू आवरेना. बाई म्हणाल्या, "हस, हस. महिन्याभरात तुझं पोरगं असंच बोलेल. मग घरी बसून रडशील." तसंच झालं. सात वर्षांचा तन्मय पुण्याच्या आजीला फोनवर "हौ आजी" म्हणू लागला, आणि वैशाली रडली नाही, पण तिनं ते बाईंना जाऊन सांगितलं. दोघी खूप हसल्या. ते हसणं मी जिन्यावरून ऐकलं होतं.

तन्मय दहा वर्षांचा असताना वैशाली गेली. आजार चार महिन्यांचा होता. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

वैशाली गात असे. मैफिलीत नाही, घरात. तिच्या माहेरची एक भूपाळी होती. सकाळी कणीक मळताना ती म्हणायची, आणि ओट्याला टेकून दात घासता घासता तन्मयनं ती उचलली होती. ती गेल्यावर सकाळ मोकळी राहिली नाही. त्याची शाळेची व्हॅन, माझी सिकंदराबादची बस, दोन डबे. मग ती भूपाळी आमच्याकडे संध्याकाळी म्हटली जाऊ लागली. देवापुढे दिवा लागला की तन्मय गायचा आणि मी डोळे मिटून खुर्चीत बसायचो. वरच्या सुरावर जाताना वैशाली एक छोटासा हेलकावा घ्यायची. तो त्याच्या गळ्यात जसाच्या तसा होता. माणूस गेल्यावर फोटो उरतात, कपडे उरतात; आमच्याकडे तो हेलकावा उरला होता. तीन वर्षं मी रोज त्याच्यासाठी घरी वेळेवर आलो.

तेराव्या वर्षी तन्मयचा आवाज बिघडला. मी 'बिघडला' असंच म्हणत होतो. मी अडाणी माणूस नाही. वयात येताना मुलाचं स्वरयंत्र वाढतं, हे मला ठाऊक होतं; त्यावरची पुस्तकं माझ्याच हाताखालच्या कपाटात होती. पण एक संध्याकाळ अशी आली, की त्या वरच्या सुरावर आवाज चिरला आणि हेलकावा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी ज्येष्ठमध आणला. मग खडीसाखर, मग हळद घालून दूध, मग अडुळशाचा काढा. फ्रिजमधलं पाणी बंद केलं. शाळेच्या कोपऱ्यावरची मिरची भजी बंद केली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सकाळ-संध्याकाळ. तन्मय सगळं निमूट करायचा. कडू काढा तो एका दमात प्यायचा आणि पेला धुऊन पालथा घालायचा. मला वाटे, किती समंजस मुलगा आहे.

"घसा दुखतो का?" मी विचारायचो.

"नाही बाबा."

"मग आवाज का लागत नाही?"

"आय डोंट नो बाबा. मी ट्राय करतोय."

बाईंना काढ्याबद्दल कळलं ते तन्मयच्या अंगाला येणाऱ्या वासावरून. त्या जिन्यावर आल्या. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत, लायब्ररीसाब म्हणत.

"लायब्ररीसाब, पोराला काय पाजता?"

मी यादी सांगितली.

"नक्को. सगळं बंद करा. पोर आजारी नाही. मोठं होतंय. उंची वाढली म्हणून कुणी पायाला तेल लावून ती कमी करतं का?"

"पण बाई, गाणं..."

"गाणं कुठं पळून चाललंय? शनिवारी तीन वाजता आणा त्याला. आजपासून त्याची इयत्ता बदलली."

त्या इयत्तेला बाई 'गप्प बसायची इयत्ता' म्हणत. आवाज फुटू लागलेल्या मुलांसाठी शनिवार दुपारचा एक तास त्यांनी वेगळा ठेवला होता. त्या तासाला मुली नसत, लहान मुलं नसत. चार-पाच मुलगे, ओठांवर नुकती कोवळी लव आलेले, हातापायांचं काय करावं ते न समजणारे. त्यांनी गायचं नाही. आळीपाळीनं तंबोरा छेडायचा, हातावर ताल धरायचा, बाई पेटीवर वाजवतील ते मनात म्हणायचं. दुसरे मास्तर अशा मुलांना सांगतात की वर्षभर येऊ नको, आवाज बसला की ये. बाईंना ते पटत नसे. "ज्या वर्षी सगळी दुनिया त्याला थांब म्हणते," त्या म्हणायच्या, "त्या वर्षी कुठंतरी ये, बस म्हणायला नको?"

तासाची शेवटची वीस मिनिटं वाचनाची असत. बाईंकडे एक जुनं मराठी वाचनमाला पुस्तक होतं, पहिली आणि शेवटची पानं नसलेलं. प्रत्येक मुलानं त्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. आता आमच्या इकडच्या मुलांचं मराठी वाचन म्हणजे काय सांगावं. इंग्रजी शाळा, दुसरी भाषा तेलुगू, तिसरी हिंदी. मराठी घरात बोलतात, पण छापलेली दिसली की एकेक अक्षराला धडकत जातात. मी जिन्यावर बसून ऐकायचो. "को... ल्हा... कोल्हा वि... हि... विहिरी..." मध्येच आवाज खालून एकदम वर उडायचा, पुन्हा धपकन खाली पडायचा. कुणी हसत नसे. मला वाटलं बाई मुलांना मराठी शिकवताहेत, आणि मला भरून आलं. पुढच्या शनिवारी मी माझ्याकडची सोप्या भाषेतली चार सुंदर पुस्तकं घेऊन गेलो.

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "चांगली आहेत. पण नक्को. ही आणली तर पोरं वाचायला शिकतील."

मला राग आला. शिकतील तर काय बिघडलं, असं मी म्हणालो असेन.

बाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. "असं बघा. पोराचा आवाज फुटतो, आणि अक्षर न लागल्यानं तो अडखळतोही. ऐकणाऱ्याला कळत नाही की तो कशानं अडखळला. सगळेच अडखळतात, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही. वीस मिनिटं का होईना, नवा आवाज तोंडातून काढायची सवय होते, आणि इज्जतही राहते. धडाधड वाचायला लागली, तर नुसता आवाजच ऐकू येईल की."

पस्तीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला न वाचता येण्याचा असा उपयोग कधी सुचला नसता. मी पुस्तकं पिशवीत घातली.

या इयत्तेतल्या मुलांच्या आईवडिलांकडून बाई शब्द घेत असत. घरी पाहुण्यांपुढे गा म्हणायचं नाही. फोनवर आजीला ऐकव म्हणायचं नाही. आवाज चिरला तर हसायचं नाही, आणि न हसता तोंड पाडून बसायचंही नाही. हा शेवटचा नियम सांगताना त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी शब्द दिला.

त्याच सुमारास त्यांनी मला विचारलं, "बाकीचं त्याला कुणी सांगितलंय का? अंगात काय काय बदलतं, रात्री झोपेत काय होतं, त्यात घाबरायचं नसतं, हे सगळं?"

तन्मय तेव्हा अधूनमधून सकाळी स्वतःची चादर स्वतः धुवायला लागला होता. मी ते पाहिलं होतं आणि पेपर तोंडासमोर धरला होता.

"एक चांगलं पुस्तक आहे," मी म्हणालो. "त्याच्या टेबलावर ठेवलंय."

"पुस्तक. बरं. आणि त्याच्या मनात काही आलं, तर पुस्तक त्याच्याशी बोलेल?"

मी हातातलं पुस्तक मिटलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात बोलणारी एकच होती. ती गेली. आता दोघे एकमेकांना वाचत बसलात."

पुढच्या महिन्यात वैशालीची तिथी होती, तिसरं वर्ष. पुण्याहून तिची आई, भाऊ, भावजय आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी आली होती. कुकटपल्लीच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये श्राद्धाचा स्वयंपाक झाला, गुरुजी जेवून गेले, पानं उचलली. दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. वैशालीच्या फोटोला हार होता. तिची आई म्हणाली, "सकाळी उठले तेव्हा वाटलं, आत्ता तिची भूपाळी ऐकू येईल."

मी शब्द दिला होता, हे मला त्या क्षणी आठवत होतं. विसरलो, असं म्हणण्याची सोय नाही.

"तन्मय म्हणेल," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, आज नको ना. प्लीज."

"एकदाच. आजीसाठी."

"राहू द्या हो," त्याची आजी म्हणाली. "त्याला नसेल म्हणायचं."

मी फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावलं. काळी चार. वैशालीची पट्टी. त्याला आता तिथे चढता येणार नाही, हे बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तरी मी तीच लावली. तन्मय उभा राहिला, हात मागे बांधून, लहानपणी बांधायचा तसे. पहिली ओळ त्यानं कशीबशी सांभाळली. दुसरी ओळ वर जाते. तिथे आवाज फुटला, नुसता फुटला नाही, तर त्यातून दोन वेगळे आवाज एकदम बाहेर आले. मामाची छोटी मुलगी खुदकन हसली. लहान मूल ते, तिला काय कळणार. तन्मय थांबला.

मी तेव्हा जे म्हणालो ते इथे लिहायलाच हवं. "आईसाठी तुला एवढंही जमत नाही?"

त्यानं चपला घातल्या आणि दार लोटून घेतलं. सगळ्यांना वाटलं, खाली गेला असेल, येईल. पाऊण तासानं मी खाली गेलो. वॉचमन म्हणाला, तो मेट्रोकडे गेला. त्याच्याकडे मेट्रोचं कार्ड होतं आणि त्या गाडीनं तो एकच रस्ता ओळखत होता.

पाच वाजता बाईंचा फोन आला. "पोरगं इथं आहे. पाणी प्यालं, दोन पोळ्या खाल्ल्या. परेशान होऊ नका. आणि लगेच येऊ नका. एक तासानं निघा."

मी तासभर फोटोसमोर बसलो आणि मग निघालो. मुसारामबागला उतरून, पुलावरून ऑटोनं अंबरपेठेत पोचलो तेव्हा गिरणी बंद होत होती. बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या, वाट अडवून.

"आत आहे. थांबा जरा," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही काढा पाजत होता ना, तेव्हा तो तुमच्या भीतीनं पीत नव्हता," त्या म्हणाल्या. "मला विचारायचा. दर शनिवारी, सगळी पोरं गेल्यावर. बाई, हे थांबवता येतं का? काही औषध आहे का? मी म्हणायची, कशाला थांबवायचं रे? एक दिवस म्हणाला, आई पुन्हा जाईल."

गिरणीवाला शटर ओढत होता. त्या आवाजात बाई थांबल्या. शटर खाली आल्यावर पुन्हा बोलू लागल्या.

"तुम्हाला वाटतं, फक्त तुम्हीच तिला त्याच्या गळ्यात ऐकत होता? तोही ऐकत होता की. ती दुसऱ्यांदा चालली, हे त्याला तुमच्याआधी कळलंय. आणि या वेळी ती त्याच्याच अंगातून चालली आहे, म्हणजे घालवणारा तोच, असं त्याला वाटतंय. तेरा वर्षांच्या पोरानं हे एवढं ओझं घ्यायचं, आणि वर तुम्ही म्हणणार, एवढंही जमत नाही."

मी पायरीवर बसलो. माझ्या हातात त्या दिवशी पुस्तक नव्हतं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"एक वाक्य बोला. त्याला सांगा, जो आवाज येईल तो मला चालेल. बस्स. समजावू नका, आईचं नाव काढू नका. एवढंच."

"सांगतो."

"आजच."

"हो."

आम्ही घरी परतलो. मेट्रोत तो खिडकीशी उभा होता आणि मी त्याच्या मागे. अमीरपेठला गर्दी चढली, आम्ही जवळजवळ आलो. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. माझ्या अगदी समोर त्याची मान होती, आणि ती मला नेहमीपेक्षा वर दिसली. मी म्हणालो, "भूक लागली का?" तो म्हणाला, "नाही."

त्यानंतर रोज मी ठरवत होतो. हे वाक्य अवघ्या सहा शब्दांचं. पण आमच्या घरात असली वाक्यं बोलायची रीत नव्हती. माझे वडील माझ्याशी असं कधी बोलले नाहीत, आणि जे कुणी आपल्याशी बोललं नाही ते आपल्याला बोलता येत नाही, हे मी कारण म्हणून सांगत नाही. फक्त असं होतं. मी काढे बंद केले. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. दिवा लागल्यावर मी त्याला हाक मारणं सोडलं. त्याला मिरची भजी आणून दिली, ती त्यानं खाल्ली. हे सगळं मिळून ते वाक्य होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. बाईंनी पुढे दोनदा विचारलं, "बोललात का?" पहिल्यांदा मी म्हणालो, संधी मिळाली नाही. दुसऱ्यांदा मी नुसती मान हलवली, आणि तिचा अर्थ त्यांनी काय घ्यायचा तो घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

तन्मय शनिवारी जात राहिला. तिथून येताना तो थोडा सैल झालेला असायचा. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलणं: डबा, फी, चार्जर. दीड वर्षानं एक दिवस बाईंनी त्याला दारात थांबवलं, भाजी विचारली, उत्तर ऐकलं आणि पेटीपाशी जाऊन बराच वेळ वेगवेगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. मग म्हणाल्या, "काळी एक. चांगला आहे रे. खालचा तर फारच चांगला." त्यांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून, नुसत्या 'सा'पासून शिकवायला सुरुवात केली. सहा-सात महिने तो शिकला. मग दहावी आली, मग इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची, कोचिंग, सकाळी सहा ते रात्री आठ. या शहरात त्या दोन वर्षांत मुलांचं सगळंच सुटतं. गाणं सुटलं तर कुणी विचारत नाही. सुटलं म्हणून तो रडला नाही, की त्याबद्दल काही बोलला नाही. तो पुन्हा गायला नाही. घरात तर नाहीच.

मी बाईंना हे सांगायला गेलो होतो. जिन्यावर न थांबता पहिल्यांदाच आत जाऊन बसलो. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल, मेहनत फुकट गेली म्हणतील.

"गात नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी गायलाच पाहिजे असं कुठं आहे? मी काय गवई तयार करायला बसले होते?" त्यांनी मला चहा दिला. "तुम्ही येत जा," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा माझ्या गप्प बसायच्या इयत्तेतलेच. फक्त तुम्ही पास होत नाही."

त्या हे हसत म्हणाल्या आणि मीही हसलो. मी 'येतो' म्हणालो, पण फार वेळा गेलो नाही.

गेल्या पौषात बाई गेल्या. दोन दिवस दवाखान्यात होत्या. बीदरहून त्यांची भाची आली, तिनं सगळं केलं. तन्मय आता वरंगलला इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. मी फोन करून सांगितलं तेव्हा त्यानं तेराव्याची तारीख विचारली. मग तो म्हणाला, "मी येतो." तेराव्याला तो सकाळच्या गाडीनं सिकंदराबादला उतरला आणि आम्ही दोघे अंबरपेठेत गेलो.

त्या दोन खोल्यांत मावत नव्हती इतकी माणसं होती. कितीतरी उंच, दाढीमिशीवाले तरुण दारात चपला काढताना मान खाली घालून उभे होते. एक जण पोलिसात आहे, एकाचं कुकटपल्लीत टायरचं दुकान आहे. गाणारा त्यांच्यात एखादाच असेल. भाचीनं जेवणं झाल्यावर विचारलं, कुणी मावशीसाठी काही म्हणाल का? एका मुलीनं एक अभंग म्हटला. कुणीतरी तन्मयकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी गात नाही आता," आणि ते त्यानं इतक्या साध्या सुरात सांगितलं की पुढे कुणी आग्रह केला नाही.

परत येताना मेट्रोत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. मी म्हणालो, "बाईंनी मला एक काम सांगितलं होतं. ते माझ्याकडून झालं नाही."

"कोणतं?"

मी श्राद्धाच्या दिवसापासून सगळं सांगितलं. जिना, गिरणीचं शटर, ते वाक्य. माझ्या आयुष्यात मी त्याच्याशी सलग एवढं कधी बोललो नव्हतो. तो समोर पाहत ऐकत होता.

"पण ते तुम्ही सांगितलं होतं ना," तो म्हणाला.

"मी?"

"बाई म्हणाल्या. पुढच्याच शनिवारी. म्हणाल्या, तुझ्या बाबांनी निरोप दिलाय, जो आवाज येईल तो त्यांना चालेल."

मला ते तसंच राहू देता आलं असतं. गाडी मलकपेठ सोडून पुढे गेली. "मी असा निरोप दिला नव्हता," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. तुमचा निरोप असता तर कागदावर लिहून आला असता." तो किंचित हसला. "आणि मला कळलंय हे बाईंनाही कळलं होतं. तरी त्यांनी ते दोनदा सांगितलं."

"मग तू काय म्हणालास?"

"हौ म्हटलं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "कुणीतरी ते म्हणायला पाहिजे होतं, बाबा. ते त्यांनी म्हटलं."

अमीरपेठला गर्दी चढली. आमच्या पुढ्यात माणसं उभी राहिली. मग मी ते वाक्य म्हणालो. शब्द बाईंनी दिलेलेच होते, मला दुसरे सुचले नाहीत. पाच वर्षं झाली होती, त्याचा आवाज केव्हाच येऊन स्थिरावला होता आणि तो मला चालतो की नाही, यावर आता काहीच अवलंबून नव्हतं. तन्मयनं ऐकून घेतलं, मोठ्या माणसानं लहानाचं ऐकून घ्यावं तसं. "हौ," तो म्हणाला, आणि आमचं स्टेशन आल्यावर गर्दीतून वाट काढत पुढे झाला.